घड्याळ बाजूला ठेवा, आरपीएमचा काटा बघा

वाचकाचं पत्र

नमस्कार सर,

मी मूळचा पुण्याचा, सध्या नोकरीनिमित्त इंग्लंडातल्या कोव्हेंट्रीत. दोन वर्षांपूर्वी हौसेने माझ्दा एमएक्स-५ घेतली. चौथ्या पिढीची, १.५ लिटर इंजिनवाली, मागच्या चाकांना एलएसडी (एक चाक घसरलं तरी दुसऱ्यालाही ताकद देणारा डिफरन्शियल) नसलेली. ब्रँड्स हॅच या रेस ट्रॅकच्या छोट्या इंडी सर्किटवर चार ट्रॅक डे (आपलीच गाडी ट्रॅकवर नेऊन सराव करायचे दिवस) केले. फोनवरच्या अ‍ॅपवर पहिल्या दिवशी १ मिनिट ९ सेकंद लागले होते, तिसऱ्या दिवशी १ मिनिट ४ सेकंद. चौथ्या दिवशीही तेच. आता काही केल्या वेळ हलत नाही. मी रोज थोडा उशिरा ब्रेक मारून बघतोय, पण फरक पडत नाही. ड्रुइड्सच्या वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक नुसतं फिरतं. पाच-सहा लॅपनंतर ब्रेकचं पेडल खाली जातं. तीनशे हॉर्सपॉवरची हॅचबॅक घेऊन येणारा मित्र सरळ रस्त्यावर मला मागे टाकतो आणि संध्याकाळी तेच ऐकवतो.

अडीच हजार पौंड बाजूला ठेवलेत. एक्झॉस्ट, इनटेक, रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) आणि कार्बन बॉनेट असा विचार आहे. वजन कमी करायला स्टेपनी काढली तर किती फायदा होईल? आणि दोन वर्षांनी पुण्याला परत जायचं ठरतंय, तेव्हा गाडी सोबत आणावी का? बायकोचं म्हणणं, पैसे पाण्यात चाललेत. तुमचं काय म्हणणं?

– एमएक्सवाला, कोव्हेंट्री


एमएक्सवाले, नमस्कार.

आधी खरेदीच्या यादीवर फुली मारू या. एक्झॉस्ट, इनटेक, रिमॅप, बॉनेट, चारही नकोत. तुमच्या इंजिनाला टर्बो नाही. कंपनीने त्या १.५ लिटरमधून १३१ घोडे आधीच काढलेले आहेत. इनटेक आणि रिमॅप मिळून जे चार-पाच हाती लागतील, ते दुसऱ्या दिवशी वारा समोरून आला की गेले. एक्झॉस्टचं तर आणखी वाईट. ब्रँड्स हॅच केंटमधल्या वस्तीला लागून आहे, त्यामुळे ट्रॅकवर सोडण्याआधी आवाज मोजतात. मर्यादेच्या वर गेलात तर पैसे भरलेला दिवस पार्किंगमध्ये बसून काढायचा. शिवाय असा प्रत्येक बदल रस्त्याच्या विमा कंपनीला कळवावा लागतो, ते वेगळंच.

आणि स्टेपनी कुठून काढणार? तुमच्या गाडीला कंपनीने स्टेपनी दिलेलीच नाही, बूटमध्ये पंक्चरचं किट आहे. एकदा उघडून बघा. (यावरून तुम्ही बूट फारसा उघडत नाही हे कळलं. ट्रॅक डेच्या दिवशी तो रिकामा करायचा असतो. सुटं सामान वळणात उडतं आणि पेडलखाली येऊन बसतं.)

आता मूळ मुद्दा. तुम्ही वेळ चुकीच्या जागी शोधताय. ‘रोज थोडा उशिरा ब्रेक मारून बघतोय’ असं लिहिलंय, तिथेच घोडं पेंड खातंय. साधं गणित करू. ताशी १५० किलोमीटरच्या वेगात येऊन वळणासाठी ९० वर यायचंय आणि ब्रेक पाच मीटर उशिरा मारला. तेवढे पाच मीटर तुम्ही ९० ऐवजी १५० ने कापले. वाचले किती? सेकंदाचे आठ शतांश. तेही सगळं जमलं तर. जमलं नाही तर गाडी वळणात जास्त वेगाने शिरते, पुढची चाकं बाहेर ढकलतात, तुम्ही एपेक्सपासून, म्हणजे वळणाच्या आतल्या कडेला टेकायच्या बिंदूपासून, मीटरभर लांब राहता आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवायला थांबावं लागतं. वाचवलेले आठ शतांश तिथेच परत जातात, वर दंड म्हणून आणखी दोन दशांश.

याच्या उलट बाजू बघा. वळणातून बाहेर पडताना वेग शंभरऐवजी १०४ असेल आणि पुढे चारशे मीटरची सरळ असेल, तर १३१ घोड्यांच्या गाडीला त्या एका सरळीत जवळपास पाव सेकंद मिळतो. चार किलोमीटरचा फरक सरळीच्या शेवटापर्यंत तुमच्यासोबत राहतो, थोडा कमी होत जातो इतकंच. तुमच्या मित्राला हे तितकंसं लागू नाही. त्याचे तीनशे घोडे वळणातली चूक सरळीवर भरून काढतात. तुमची गाडी भरून काढत नाही, म्हणून ती चूक लगेच दाखवते. शिकायला हीच गाडी चांगली, आणि मित्राला हे ऐकवायला हरकत नाही.

तर बाहेर पडतानाचा वेग वाढवायचा कसा? अ‍ॅक्सिलरेटर लवकर दाबून नव्हे. त्याआधी ब्रेक सोडायला शिकून. मारायला सगळेच शिकतात, सोडायला कोणी शिकवत नाही.

ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं. एमएक्स-५ ची स्प्रिंग मऊ आहे, त्यामुळे नाक खाली गेलेलं डोळ्यांनी दिसतं. त्या क्षणी पुढच्या टायरवर भार आहे, म्हणजे वळवायची ताकद तिथे आहे. आता बहुतेक लोक काय करतात? वळायच्या जागेशी आले की ब्रेकवरचा पाय झटक्यात उचलतात आणि त्याच क्षणी स्टेअरिंग वळवतात. पाय उचलला की नाक वर येतं, पुढच्या टायरवरचा भार निघून जातो, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही त्या टायरकडून सगळ्यात जास्त काम मागता. गाडी वळत नाही. तुम्हाला वाटतं टायर खराब आहेत, नाहीतर वेग जास्त झाला. दोन्ही नसतं. पाळण्यात झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढतो तसा पाय ब्रेकवरून काढायचा. स्टेअरिंग जेवढं आत जाईल तेवढा दाब कमी होत जायला हवा, आणि स्टेअरिंग पूर्ण वळेल तेव्हा दाब शून्यावर.

हे ट्रॅकवर शिकायची गरज नाही. कोव्हेंट्रीत राउंडअबाउटची कमतरता नाही. ऑफिसला जाताना, कायद्याच्या वेगात, प्रत्येक राउंडअबाउटच्या आधी हलका ब्रेक मारा आणि तो इतका हळू सोडा की शेजारी बसलेल्याला ब्रेक नक्की कधी सुटला ते कळू नये. बायकोला शेजारी बसवा. ती सांगेल. आठवडाभरात पायाला सवय लागते.

आता इंडी सर्किटवर या. एकूण १.२ मैल, म्हणजे दोन किलोमीटरच्या आतबाहेर. १९७८ मध्ये अमेरिकेच्या इंडी गाड्या तिथे धावल्या, म्हणून हे नाव. फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या त्या जंगलात जाणाऱ्या लांब सर्किटवर. वळणं मोजकी आहेत: पॅडॉक हिल, ड्रुइड्स, ग्रॅहम हिल, सर्टीज, आणि मग क्लिअरवेजचं लांबलचक उजवं वळण, ज्याच्या शेवटच्या भागाला क्लार्क कर्व्ह म्हणतात. प्रत्येकजण पॅडॉक हिलच्या गोष्टी सांगतो. चढून जाताना वळणाचं पोट दिसतच नाही, मग जमीन खाली जाते आणि पोटात गोळा येतो. पण तुम्ही पॅडॉकला सध्या हात लावू नका. तिथे मिळण्यासारखं थोडं आहे आणि गमावण्यासारखं फार.

सुरुवात क्लार्कपासून करा, कारण तिच्यापुढे ब्रॅबहॅम स्ट्रेट आहे आणि सर्किटवरची सगळ्यात मोठी सरळ तीच. हे वळण लांब आहे, त्यामुळे माणसाचा धीर सुटतो. बहुतेक नवशिके लवकर आत शिरतात, अर्ध्यातच आतल्या कडेला लागतात, मग पुढे रस्ता संपत येतो आणि पाय उचलावा लागतो. तुम्ही थांबा. सर्टीजमधून निघाल्यावर गाडी बाहेर राहू द्या, नजर वळणाच्या शेवटाकडे, आणि एपेक्स तुम्हाला वाटतो त्याच्या बराच पुढे घ्या. आतली कडा उशिरा गाठली की स्टेअरिंग सरळ करायला सुरुवात करता येते, आणि स्टेअरिंग सरळ होतंय म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर उघडायला परवानगी. क्लार्कमधून बाहेर पडताना पाय एकदा दाबल्यावर परत उचलावा लागला, तर समजा दाबला लवकर. पुढच्या लॅपला अर्धा सेकंद उशिरा दाबा, पण दाबलेला सोडू नका.

आणि मोजायचं कसं? इथे घड्याळ लागत नाही. माझ्दाने आरपीएमचा डायल मधोमध मोठा बसवलाय तो उगाच नाही. क्लार्कमधून तिसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडा आणि स्टार्टची रेषा ओलांडताना काटा कुठे आहे ते एका नजरेत टिपा. गिअर दर वेळी तोच हवा. तुमच्या गाडीत तिसऱ्या गिअरला शंभर आरपीएम म्हणजे ताशी जवळपास दोन किलोमीटर. रेषेवर काटा आधीपेक्षा दोनशेने वर दिसला, की वरच्या हिशेबातला पाव सेकंद तिथेच कुठेतरी आहे. अ‍ॅप तुम्हाला सांगतं की लॅप वाईट झाला. काटा सांगतो की कुठे. एका दिवसात दहा गोष्टी बदलून बघणाऱ्या माणसाला अ‍ॅपचा काही उपयोग नाही.

त्या अ‍ॅपबद्दल आणखी एक. इंग्लंडातल्या बहुतेक ट्रॅक डेंच्या नियमांत वेळ मोजायला सक्त मनाई असते. वेळ मोजली की तो सराव राहत नाही, स्पर्धा होते, आणि मग परवाने आणि विमा यांचं सगळं गणित बदलतं. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये हे सांगतात. तेव्हा आपण चहा शोधत असतो. आयोजकाने फोन बघितला तर घरी पाठवू शकतो. तुम्हाला अधिकृत वेळ हवाच असेल तर तुमच्या घरापासून लांब नसलेल्या लिचफिल्डजवळ कर्बरोचा छोटा स्प्रिंट ट्रॅक आहे, आणि वुस्टरशरमध्ये शेल्सली वॉल्शची टेकडी आहे, जिथे १९०५ पासून चढणीच्या शर्यती होतात. मोटरस्पोर्ट यूकेचं प्राथमिक लायसन्स काढून एखाद्या क्लबमार्फत तिथे उतरता येतं. तिथे घड्याळ त्यांचं असतं, शतांश सेकंदापर्यंत. आणि ट्रॅकवर तुम्ही एकटेच, मित्र मागून येत नाही.

ड्रुइड्सचं आतलं चाक. एलएसडी नाही म्हणून ते फिरतं हे खरं, पण ते फिरवताय तुम्ही. उजवीकडे वळताना गाडी डावीकडे कलते, उजव्या मागच्या चाकावर भार राहत नाही, आणि साधा डिफरन्शियल सगळी ताकद त्या हलक्या चाकाला देऊन मोकळा होतो. उपाय दोन. पहिला, ड्रुइड्समध्ये हळू शिरा. शब्दशः हळू, जिथे आता शिरताय त्याहून. हेअरपिनमध्ये आत जाताना मिळवलेलं सगळं बाहेर पडताना गमावलं जातं. दुसरा, स्टेअरिंग जेवढं वळलेलं आहे तेवढाच पाय वर ठेवा. एक सरळ होईल तसा दुसरा खाली जाईल. एकदा दुसऱ्या गिअरऐवजी तिसऱ्यात करून बघा. इंजिन रडेल, तुम्हाला वाटेल गाडी मेली, पण चाक फिरणार नाही. मग ग्रॅहम हिलच्या आधीच्या एखाद्या ठरावीक खुणेशी दोन्ही वेळा वेग वाचा आणि जो जास्त दिसेल तो ठेवा. माझा अंदाज दुसऱ्या गिअरच्या बाजूने आहे, पाय शांत ठेवला तर.

पॅडॉक हिल सगळ्यात शेवटी म्हटलं, त्याचं कारण थोडक्यात. गाडी उतारावर असताना मागची चाकं आधीच हलकी असतात. अशा वेळी वेग जास्त वाटला म्हणून घाबरून पाय उचलला, की होतं नव्हतं वजन पुढे जातं आणि मागची बाजू सुटते. खाली खडीचा पट्टा आहे, तो त्यासाठीच आहे. तिथे ब्रेक सरळ रेषेतच संपवा, हलका अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी स्थिर ठेवा, आणि वेग वाढवायचा तर दर सेशनला ताशी एखाद-दोन किलोमीटरनेच. डीएससी, म्हणजे गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा, बटण दाबून बंद करण्यात मर्दुमकी नाही. चालू ठेवा. तो दिवा जिथे लुकलुकतो ती जागा लक्षात ठेवा, तिथे तुमचे हातपाय घाई करतायत.

आता ब्रेकचं पेडल, कारण हा वेळेचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. पेडल खाली जातं असं तुम्ही लिहिलंय. पेडल मऊ होऊन लांब जात असेल तर ब्रेक ऑइल उकळलंय. द्रवाची वाफ झाली, वाफ दाबली जाते, आणि तुमचा पाय वाफ दाबत बसतो. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, असं झालं तर मात्र पॅड तापून निकामी झालेत. तुमचं पहिलं दिसतंय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. दोन वर्षं जुनं ऑइल घेऊन तुम्ही दर मिनिटाला पॅडॉक आणि ड्रुइड्सवर ब्रेक मारताय, उकळणारच. पुढच्या ट्रॅक डेच्या आधी चांगल्या प्रतीचं, तीनशे अंशांच्या वरचं ऑइल घाला, पूर्ण ब्लीड करून, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा पाइपांतून काढून. त्यासोबत ट्रॅकसाठीचे पुढचे पॅड. हलक्या गाडीचा इथे मोठा फायदा आहे: १५० वरून ७० वर येताना तुमच्या गाडीची जेवढी ऊर्जा डिस्कमध्ये जाते, त्याच्या दीडपट ऊर्जा सोळा-सतराशे किलोच्या गाडीची जाते. त्यामुळे मोठे डिस्क, मोठे कॅलिपर असलं काही लागत नाही. फक्त पॅड निवडताना हे ध्यानात ठेवा की संध्याकाळी याच गाडीने लंडनभोवतीच्या एम२५ हायवेवरून घरी जायचंय. शर्यतीचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत.

सेशन संपवताना शेवटची लॅप ब्रेकला शक्यतो हात न लावता करा. गाडी लावली की हँडब्रेक ओढू नका, पहिल्या गिअरमध्ये ठेवा. तापलेला पॅड डिस्कला चिकटून राहतो आणि मग ब्रेक मारताना गाडी थरथरायला लागली की लोक अलाइनमेंटवाल्याकडे धावतात.

टायरच्या हवेचं कोणी फारसं बोलत नाही आणि ती फुकट आहे. दाराच्या आतल्या स्टिकरवर २९ पीएसआय लिहिलेलं असतं, ते थंड टायरचं. टायर दहा अंशांनी तापला की दीड पीएसआय वाढतो, म्हणजे पाच-सहा लॅपनंतर ३४ च्या पुढे सहज जातो आणि रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो. पिटमध्ये आल्याआल्या, टायर गरम असतानाच मोजा. इंडी सर्किटवर उजवी वळणं जास्त आणि लांब, म्हणून डाव्या बाजूचे टायर जास्त तापलेले दिसतील, त्यातही डावा पुढचा. चारही टायर गरम असताना ३० ते ३१ पर्यंत उतरवा आणि गाडी कशी वागते बघा. मग दोन पीएसआय बदलून पुन्हा. एका वेळी एकच बदल. वहीत लिहा: हवा, हवामान, आणि स्टार्टच्या रेषेवरचा काटा. घरी निघताना परत भरायला विसरू नका, पंप सोबत ठेवा.

अडीच हजारांचं काय करायचं, याचा हिशेब एव्हाना तुम्हाला दिसायला लागला असेल. सगळ्यात आधी प्रशिक्षक. ट्रॅकवरच एआरडीएसचे (रेसिंग स्कूलांच्या संघटनेचे) प्रशिक्षक सेशनच्या हिशेबाने मिळतात. सकाळी एक आणि जेवणानंतर एक असे दोन घ्या, एकत्र नकोत. सकाळी तो सांगेल, मधल्या वेळात तुम्ही विसराल, दुपारी तो परत सांगेल. त्याच्या सीटवर बसून त्याला तुमची गाडी चालवू द्या, परवानगी असेल तर. आपल्याच गाडीत दुसऱ्याने तेच वळण घेतल्यावर जे कळतं ते वाचून कळत नाही. मग ब्रेक ऑइल आणि पॅड. मग अलाइनमेंट: तुमच्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलायचे बोल्ट कंपनीनेच दिलेले आहेत, त्यामुळे एक पैशाचाही सुटा भाग न घेता पुढच्या चाकांना दीड अंशाच्या आसपास निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला, देता येतो. तुमच्या टायरची बाहेरची कडा आतल्यापेक्षा जास्त झिजली असेल तर हे काम आधी करा. मग हेल्मेट, स्वतःचं, डोक्याला नीट बसणारं. मग ट्रॅकच्या दिवसाचा वेगळा विमा, कारण रस्त्याचा विमा तिथे चालत नाही, आणि बॅरियर तुमच्यामुळे मोडलं तर त्याचं बिलही तुमच्याच नावावर येतं. उघड्या टपाच्या गाड्यांना काही आयोजक रोल बार मागतात, बुकिंग करण्याआधी विचारा. उरलेल्या पैशातून आणखी ट्रॅक डे. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), एलएसडी, चिकट टायर हे सगळं पुढच्या वर्षी. नानकांगचे एआर-१ किंवा त्या जातीचे टायर आत्ता घातले, तर वेळ खाली येईल हे खरं. पण तुमच्या पायाची घाई ते झाकून टाकतील आणि ती घाई तशीच राहील. शिवाय ओल्या एम२५ वर ते टायर घेऊन घरी जायचं म्हणजे वेगळाच छंद.

मित्र आरशात दिसला की त्याला जाऊ द्या. ठरलेल्या बाजूने, त्याला खूण करून, सरळीवर. पाय थोडा उचला म्हणजे तो पटकन पुढे जाईल आणि तुमची पुढची वळणं मोकळी होतील. त्याच्या मागे चिकटून राहायचा मोह आवरा, कारण तो ड्रुइड्समध्ये तुमच्यापेक्षा हळू असणार आणि तुमच्या तीन लॅप त्याच्या मागच्या दिव्याकडे बघण्यात जातील. समोर गाड्यांचा घोळका असेल तर पिट लेनमधून एकदा फिरून या, मोकळी जागा मिळते.

पाऊस आला तर घरी जाऊ नका, इंग्लंडात ट्रॅक डेवाल्याला पावसाचं वावडं असून चालत नाही. कोरड्या दिवशीची रेष ओल्यात विसरा. तिथे रबर साचून गुळगुळीत झालेलं असतं, तेच सगळ्यात निसरडं. वळणात बाहेरून फिरा, जिथे डांबर खरखरीत आहे. ओल्या दिवशी तीनशे घोडे तुमच्या मित्राच्या कामाचे नाहीत, ते फक्त पुढची चाकं फिरवतात. त्या दिवशी मात्र त्याला मागे टाका आणि संध्याकाळी काही बोलू नका.

बायकोचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. यादीतल्या चार गोष्टींवर घातले असते तर पाण्यातच गेले असते.

राहिला पुण्याचा प्रश्न. गाडी आणू नका. वापरलेली गाडी परदेशातून आणताना तिच्या वयाची अट आणि त्यावरची ड्युटी, दोन्ही इतकं जड आहे की त्या पैशात इथे दुसरी गाडी येईल. माझ्दाचं भारतात दुकान नाही, पॅड मागवायलाही बाहेरून पार्सल. तिथेच विका, एमएक्स-५ ला तिथे गिऱ्हाईक कायम असतं. हेल्मेट आणि वही घेऊन या. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटची सरळ फार लांब आहे, ५.१२५ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर छोटं इंजिन कंटाळतं. तुम्हाला आवडेल ते कोइमतूरचं कारी मोटर स्पीडवे. जेमतेम २.१ किलोमीटर, वळणावर वळण, तुमच्या इंडी सर्किटइतकंच. तिथे फॉर्म्युला एलजीबीच्या एकआसनी गाड्या धावतात, स्विफ्टचं १.३ लिटरचं इंजिन, एमएक्सच्या निम्म्याहूनही कमी वजन, ना एबीएस ना डीएससी. येण्याआधीच तिथल्या एखाद्या रेसिंग स्कूलच्या तारखा विचारून ठेवा, सीझन सुरू झाला की जागा भरतात.